टाकीच्या आतला गंज

आमच्या घरात एक जुनी मोटार आहे. घरातली ती सर्वांत अबोल व्यक्ती. पण घरातली निम्मी भांडणे तिच्यावरून होतात. 1978 सालची प्रीमियर पद्मिनी, रंग दुधी, इंजिन 1089 सीसीचे, गिअर सुकाणूच्या दांड्याला. बाबा साताऱ्याला वकिली करत. त्यांनी नंबर लावून, काही वर्षे वाट पाहून ही गाडी घेतली. त्या काळी गाडीसाठी वाट पाहणे हे स्थळासाठी वाट पाहण्यासारखेच असे. पत्र आले की घरात पेढे!

बाबा 2020 च्या जानेवारीत गेले. दोन महिन्यांत टाळेबंदी आली आणि गाडी साताऱ्याच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तशीच उभी राहिली. पावणेदोन वर्षांनी मी ती पुण्याला आणली. मुलगा म्हणाला, "बाबा, भंगारात द्या." मुलगी म्हणाली, "अजिबात नाही." आई काहीच म्हणाली नाही. तिने फक्त मागच्या सीटवरची धूळ पदराने पुसली. या घरात निर्णय असेच होतात.

या लेखाचा विषय मात्र गाडी नव्हे, गाडीची पेट्रोलची टाकी आहे. एवढ्याशा विषयावर रविवारच्या सकाळी वाचकांचा वेळ का घ्यावा, असे कुणालाही वाटेल. मलाही वाटत होते. पण आयुष्याची सदतीस वर्षे बँकेत घालवून जे मला पुरते कळले नव्हते, ते या पत्र्याच्या डब्याने शिकवले.

सुरुवात अगदी किरकोळ झाली. गाडी नीट सुरू व्हायची, सहा-सात किलोमीटर चालायची आणि मग आचके देऊन बंद पडायची. दहा मिनिटे थांबावे, चावी फिरवावी, की पुन्हा चालू! मी प्लग बदलले, कॉइल बदलली, पेट्रोल पंपाचा पडदा बदलला. प्रत्येक वेळी वाटे, आता झाले. आठवडाभर गाडी छान चाले आणि मग पुन्हा तेच.

शेवटी नाना पेठेतल्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी इंजिनाचे झाकण उघडलेसुद्धा नाही. विचारले, "किती दिवस उभी होती?"

"पावणेदोन वर्षं."

"टाकीत पेट्रोल किती होतं?"

"निम्मं असेल."

"मग इंजिनाकडे कशाला बघता साहेब?"

त्यांनी पेट्रोल काढून घेतले, काट्याचा तरंगता गोळा जिथे बसतो ते झाकण उघडले आणि गाडी उन्हात घेऊन दाढीच्या आरशाने उजेड आत टाकला. टाकी आतून विटेच्या रंगाची झाली होती. तळाला ओल्या मातीसारखा थर होता.

गंज लागतो कसा, हे त्यांनी मला ज्या शब्दांत समजावले, तसे शाळेत कुणी समजावले नव्हते. टाकी भरलेली असेल तर आत हवेला जागा नसते. अर्धी रिकामी असेल तर टाकी श्वास घेते. दिवसा तापली की हवा बाहेर, रात्री गार झाली की दमट हवा आत. त्या हवेतली वाफ वरच्या पत्र्यावर दवासारखी धरते, थेंब ओघळतात आणि पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्याने तळाशी जाऊन बसते. तेही कुठे, तर पत्र्याच्या सांध्यापाशी. त्या काळी टाक्यांच्या पत्र्याला अनेकदा शिसे-कथिलाचा मुलामा देत; तो एकदा कुठे फाटला, की लोखंड उघडे पडते. मग गंजाचे पापुद्रे सुटतात. इंजिन पेट्रोल ओढू लागले की ते नळीच्या तोंडाशी गोळा होतात आणि इंजिन उपाशी मरते. इंजिन बंद पडले की ओढ थांबते, पापुद्रे खाली बसतात आणि दहा मिनिटांनी गाडी शहाण्यासारखी सुरू होते. मिस्त्रीसमोर तर ती हमखास सुरू होते. डॉक्टरसमोर ताप उतरावा तशी!

पेट्रोलही आता पूर्वीचे राहिलेले नाही. त्यात इथेनॉल असते. 2022 मध्ये देशाची सरासरी दहा टक्क्यांवर पोचली, 2023 च्या फेब्रुवारीपासून वीस टक्क्यांचे पेट्रोल विक्रीला येऊ लागले आणि 2025 मध्ये वीस टक्क्यांचे उद्दिष्टही गाठले गेले. आमच्या सातारा-सांगली-कोल्हापूरच्या उसाला त्यातून आधार मिळतो, तेव्हा मी त्याच्या विरुद्ध बोलणार नाही. पण इथेनॉल पाणी धरून ठेवते. पाणी फार झाले की इथेनॉल आणि पाणी मिळून वेगळे होतात आणि तळाला जातात. जुन्या रबरी नळ्यांनाही ते मानवत नाही, आणि वर्षानुवर्षे टाकीच्या भिंतींना चिकटून बसलेला मळ ते सोडवते. जुनी गाडी वापरणाऱ्याने हे माहीत करून घ्यायलाच हवे.

मिस्त्रींनी टाकीच्या तळाला पेचकसाचे टोक टेकवून पाहिले. पत्रा दबला. ते म्हणाले, "साहेब, ही गेली. नवी करून घ्या."

इथे माझे चुकले.

मी म्हणालो, "मिस्त्री, ही मूळ टाकी आहे. बाबांच्या वेळची. आहे तीच दुरुस्त करा."

एका गाडीशौकीन मित्राने मला सांगितले होते की आतून लावायचा एक लेप मिळतो. टाकी साफ करायची, लेप ओतायचा, टाकी सगळ्या अंगांनी फिरवायची आणि वाळू द्यायची. बारीक भोकेसुद्धा बुजतात! खर्च नव्या टाकीच्या निम्माही नव्हता. मूळ वस्तू राहणार, पैसे वाचणार आणि बाबांचा शब्द मोडल्यासारखेही होणार नाही. (बाबांनी टाकीबद्दल कसलाही शब्द दिला-घेतला नव्हता, ही गोष्ट वेगळी.)

मिस्त्रींनी नाइलाजाने काम केले, पण केले ते मनापासून. टाकीत घासलेटबरोबर मूठभर नट आणि सायकलची जुनी चेन टाकून दोन पोऱ्यांनी ती तासभर हलवली. मग फॉस्फोरिक आम्ल घातले. ते गंजाशी मिळून फॉस्फेटचा काळपट थर धरते. मग पाणी, मग लगेच गरम हवा, कारण धुतलेले उघडे लोखंड तासाभरात पुन्हा तांबूस होते. मग लेप. मी आरशातून पाहिले. आतून टाकी नव्या भांड्यासारखी चमकत होती. मिस्त्री म्हणाले, "आडपडद्यांच्या मागं आणि सांध्यात माझा हात पोचत नाही, साहेब. तिथं काय आहे, ते तुम्हालाही दिसत नाही आणि मलाही."

मी हसून पैसे दिले.

2023 चा मे महिना. साताऱ्याला नात्यातले लग्न होते. शहाऐंशी वर्षांची आई म्हणाली, "मी त्याच गाडीनं येणार." खंबाटकी घाटाच्या चढणीला आमची वरात लागली आणि निम्म्यावर गाडीने आचके दिले. मागे ट्रकांची रांग, कर्कश हॉर्न, डावीकडे डोंगर. कशीबशी गाडी कडेला घेतली. दार उघडले तर पेट्रोलचा भपकारा! वाकून पाहिले तर टाकीखालून थेंब थेंब गळत होते, आणि ते थेंब तापलेल्या डांबरावर पडून उडून जात होते.

एवढ्यात मागच्या ट्रकचा क्लीनर मदतीला आला. भला मुलगा होता. पण ओठांत पेटलेली विडी. माझ्या तोंडून शब्द फुटेना. आईने तीस वर्षे कन्याशाळेत शिकवले आहे. मागच्या सीटवरून ती कडाडली, "आधी ती विडी विझव! आणि मागे जा!" पोरगा जागच्या जागी ताठ झाला, मागे पळाला आणि दूर जाऊन विडी पायाखाली चिरडली.

मग त्यानेच आईला हाताला धरून सुरक्षित अंतरावर एका दगडावर बसवले. मी तिच्या शेजारी बसलो. माझे पाय कापत होते. बऱ्याच वेळाने ती एवढेच म्हणाली, "तुझ्या बाबांनी गाडी कधी घाटात थांबवली नव्हती."

टोचून बोलण्यासाठी ती ते बोलली नव्हती, आणि म्हणूनच ते टोचले.

गाडी दुसऱ्या गाडीवर चढवून पुण्याला परत आणली. मिस्त्रींनी टाकी उतरवली, कापली आणि मला आतला भाग दाखवला. लेप दुधावरच्या सायीसारखा सुटून आला होता. त्याची एक घडी नळीच्या तोंडावर बसली होती आणि त्या सायीखाली गंज आपले काम शांतपणे करत राहिला होता. सांधा चाळणीसारखा झाला होता. वरून चकचकीत असल्याने गेल्या सहा महिन्यांत मी तीनदा आरशातून पाहून खूष झालो होतो.

ती कापलेली टाकी पाहताना मला एकदम एका यंत्रमागवाल्याची आठवण झाली. वाचक म्हणतील, हे काय? सांगतो.

1989 च्या सुमाराला मी यंत्रमागांच्या एका गावी आमच्या बँकेच्या शाखेत कर्जविभाग सांभाळत होतो. एक खातेदार होता. सचोटीचा, कष्टाळू, आठ मागांचा मालक. सुताचे भाव चढले, कापडाला उठाव नाही, कर्जाचे हप्ते थकले. मार्चअखेर आली. खाते थकलेले दिसले तर वरून विचारणा, त्याची पत जाणार, माझा शेरा बिघडणार. मी त्याला एक नवे कर्ज मंजूर केले आणि त्या पैशातून जुन्या कर्जाचे व्याज भरून घेतले. पुस्तकात खाते लख्ख झाले. त्या काळी रिझर्व्ह बँकेने कर्जखात्यांच्या प्रकृतीप्रमाणे त्यांचे वर्ग पाडायला सांगितले होते. मी त्या खात्यापुढे समाधानकारक असे लिहिले. पुढच्या वर्षी पुन्हा तेच केले. मला वाटत होते, मी माणुसकीने वागतो आहे.

1991 मध्ये नरसिंहम समितीचा अहवाल आला आणि 1992-93 पासून बँकांना अशी खाती उघडपणे बुडीत वर्गात दाखवणे भाग पडू लागले. लेप लावायची सोय कमी झाली. त्या खातेदाराचे माग गेले, आणि मागांपाठोपाठ तारण ठेवलेले घरही गेले. एका संध्याकाळी तो शाखेत आला. आवाज न चढवता म्हणाला, "साहेब, तुम्ही पहिल्याच वर्षी नाही म्हणाला असता, तर मी चार माग विकून कर्ज फेडलं असतं. घर तरी राहिलं असतं."

मी कादंबऱ्या लिहितो. माणसांच्या तोंडी वाक्ये घालण्याचा मला सराव आहे. पण या वाक्याला उत्तर देईल असे वाक्य मला तेव्हा सुचले नाही आणि आजही सुचत नाही.

म्हणून आज या विषयावर माझे एक मत झाले आहे, ते मांडतो. दुरुस्ती करावी की बदलावे, हा प्रश्न आपण बहुतेक वेळा भावनेवर किंवा खिशावर सोडवतो. वास्तविक तो आधी पाहण्याचा प्रश्न आहे. गंज पत्र्याच्या अंगावर असेल आणि पत्रा शाबूत असेल, तर जरूर साफ करावा. उगाच नवे घेण्यासारखा उधळेपणा नाही. पण पेचकसाच्या टोकाने पत्रा दबत असेल, तर तो बदलला पाहिजे. आणि या दोन्हींच्या मधला जो तिसरा मार्ग, म्हणजे न पाहता, न खरवडता वरून लेप लावणे, त्याला दुरुस्ती म्हणू नये. तिथे आपण नुसता वेळ विकत घेत असतो आणि त्याची किंमत बहुधा दुसराच कुणीतरी मोजतो. माझ्या बाबतीत ती घाटातल्या दगडावर बसलेल्या आईने मोजली असती.

आपल्या सोसायट्यांच्या सभा आठवून पाहा. छताचा गिलावा फुगून पडतो, आतली सळई तांबडी झालेली दिसते. इंजिनिअर बोलवावा असे एक जण म्हणतो आणि पाच जण म्हणतात, दिवाळी आली आहे, तूर्त प्लॅस्टर करून रंग मारू. सळई गंजली की फुगते आणि काँक्रीटला आतून फोडते. रंगाने ती बारीक होत नाही. घरातल्या जुन्या वायरिंगचे तेच, गॅसच्या नळीचे तेच. नात्यांबद्दल मी बोलत नाही. ते वाचकांनी आपापले पाहावे.

यावर माझे गाडीशौकीन मित्र म्हणतात, "मूळ भाग काढला तर गाडीत उरलं काय?" या भावनेचा मी आदर करतो. मुंबईत 2023 च्या ऑक्टोबरअखेर पद्मिनीची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी वयोमर्यादेमुळे रस्त्यावरून उतरली, तेव्हा माझ्याही घशाशी आवंढा आला होता. ज्या वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये प्रीमियर कंपनी उभी केली, ते आपल्या सोलापूरचे. कुर्ल्याच्या त्या कारखान्यातून आलेला प्रत्येक नटबोल्ट जपावा, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण मूळपणाचा अर्थ काय? सरकारने 2021 मध्ये पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेजचे नियम केले. त्यातही मूळ स्वरूपाची अट सांगताना सांगाडा, बॉडी आणि इंजिन यांतल्या मोठ्या बदलांचा उल्लेख आहे. पेट्रोलच्या टाकीची कुणी एवढी ओढ धरलेली नाही. जी वस्तू लोकांच्या जिवाशी खेळते, तिचा मूळपणा जपणे हा हट्ट आहे, प्रेम नव्हे.

दुसऱ्या पद्मिनीची जुनी टाकी भंगारबाजारातून आणावी, असेही माझ्या मनात आले होते. मिस्त्री म्हणाले, "पंचेचाळीस वर्षांच्या गाडीला दुसरी पंचेचाळीस वर्षांची टाकी? तीही आतून अशीच असणार." मग जुनीलाच तळाचा पत्रा वेल्ड करा, असे म्हटल्यावर त्यांनी टोपी मागे सारून उजवी भुवई दाखवली. तिथे केस नाहीत. तरुणपणी शेजारच्या माणसाने एक रिकामी टाकी वेल्डिंगला घेतली होती. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी घातकी, हे त्यांनी तेव्हा शिकून घेतले. द्रव पेट्रोल हवेशिवाय पेटत नाही. पण रिकाम्या टाकीत वाफ आणि हवा यांचे मिश्रण तयारच असते आणि त्याला एक ठिणगी पुरते. घरच्या घरी असले उद्योग करणाऱ्या हौशी वाचकांनी हे लक्षात ठेवावे.

तेव्हा नवी टाकी बनवली. जुनीची मापे घेऊन पत्रा कापला, पेट्रोल हिंदकळू नये म्हणून आत आडपडदे बसवले, सांधे जोडले. आधी पाणी भरून पाहिले, मग थोडी हवा भरून सांध्यांवर साबणाचे पाणी फिरवले. बुडबुडा आला नाही. पेट्रोल नेणारी नळी तळापासून बोटभर वर ठेवली आणि तळाला साचलेले पाणी काढायला एक बूच ठेवले. रबरी नळ्या सगळ्या नव्या घातल्या, वाटेत एक गाळणी बसवली. जुन्या टाकीचे झाकण तेवढे शाबूत होते. ते मिस्त्रींनी स्वतःहून नव्या टाकीला लावले.

हे चालले असताना साताऱ्याच्या घरी बाबांची एक वही सापडली. प्रत्येक वेळी पेट्रोल भरले की तारीख, किलोमीटर, लिटर, रुपये अशी नोंद. आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी त्यांच्या वळणदार अक्षरात दोन शब्द : टाकी पूर्ण. निम्म्याखाली काटा जाऊ द्यायचा नाही, हा त्यांचा शिरस्ता होता. आम्ही मुले त्यावरून त्यांची थट्टा करत असू. वकील असूनही केवढे भित्रे, म्हणत असू. त्यांना गंजाचे शास्त्र ठाऊक होते की नुसती सवय होती, ते आता विचारता येणार नाही. वहीतली शेवटची नोंद 2019 च्या नोव्हेंबरातली आहे. त्यानंतर ते आजारी पडले, आणि उरलेले निम्मे पेट्रोल आम्ही तसेच ठेवले.

गेल्या दिवाळीत आईला घेऊन पुन्हा साताऱ्याला गेलो. मुलगा शेजारी बसला होता. गाडी भंगारात द्या म्हणणारा हाच. खंबाटकीच्या पायथ्याशी आईने मागून विचारले, "आता नाही ना थांबणार?"

"सांगता येत नाही, आई," मी म्हणालो. "पण थांबली तर का थांबली, ते कळेल."

तिला ते उत्तर पसंत पडले असावे, कारण घाट चढून होईपर्यंत ती खिडकीतून बाहेर पाहत राहिली. साताऱ्याला शिरताना पंपावर गाडी घेतली. मुलाने डॅशबोर्डच्या कप्प्यातून आजोबांची वही काढली, कोरी ओळ शोधली आणि मला न विचारता लिहिले. तारीख, किलोमीटर, लिटर, रुपये. मग थोडा थांबून मागच्या पानावर पाहिले आणि तसेच शेवटचे दोन शब्द.